पास्काची मेणबत्ती

येशू ख्रिस्त क्रुसावर मेला, त्याला कबरेत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी तो मरणातून उठला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ साक्ष आहे. जवळपास दोन हजार वर्षे ती एका पिढीने दुसरीच्या हाती दिली आहे. तिचा रोजचा संसार चालतो तो धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवती जमलेल्या वाड्यांत, आळ्यांत आणि घरांत. वसई तालुक्यातल्या नंदाखाल, गास, गिरीज, सांडोर, पापडी अशा गावांत ही साक्ष मराठीत दिली जाते. ती कशी दिली जाते हे समजून घ्यायचे तर पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्रीपासून, म्हणजे पास्काच्या रात्रीपासून, सुरुवात करावी लागते.

शनिवारची रात्र

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला चर्चची घंटा वाजते आणि त्यानंतर गप्प होते. शुक्रवारी मिस्साच नसते. वेदी उघडी असते, तिच्यावर ना वस्त्र ना फुले. शनिवारचा दिवसही असाच मुका जातो. मग अंधार पडतो आणि लोक चर्चसमोरच्या अंगणात जमू लागतात. आजीच्या हाताला धरून नातवंडे येतात, रात्रपाळी बदलून घेतलेले कामगार येतात. चर्चमधले आणि अंगणातले सगळे दिवे बंद असतात. प्रत्येकाच्या हातात कागदाची वाटी लावलेली एक बारीक, न पेटवलेली मेणबत्ती असते.

अंगणात शेकोटी पेटते. धर्मगुरू त्या नव्या अग्नीला आशीर्वाद देतात आणि वेदीसेवक मुलगा पास्काची मोठी मेणबत्ती पुढे आणतो. धर्मगुरू टोकदार काडीने तिच्यावर आधी क्रूस कोरतात, मग क्रुसाच्या वर अल्फा आणि खाली ओमेगा ही ग्रीक वर्णमालेची पहिली आणि शेवटची अक्षरे. क्रुसाच्या चार बाजूंना चालू वर्षाचे चार आकडे येतात. २०२५ साली तिथे २, ०, २, ५ असे आकडे कोरले गेले. त्यानंतर धुपाचे पाच खडे क्रुसाच्या आकारात मेणात रोवले जातात. हात, पाय आणि कूस यांवरच्या ख्रिस्ताच्या पाच जखमांची ती खूण. जी मेणबत्ती पुनरुत्थानाचे प्रतीक म्हणून पेटणार आहे, तिच्या अंगावर आधी जखमा कोरल्या जातात, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

शेकोटीच्या ज्योतीवर ती पेटते आणि मिरवणूक निघते. वाटेत ती तीन ठिकाणी थांबते. प्रत्येक थांब्यावर मेणबत्ती उंच धरून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष होतो आणि लोक देवाचे आभार मानून त्याला प्रतिसाद देतात. दुसऱ्या थांब्यानंतर मोठ्या मेणबत्तीवरून शेजारच्या दोघातिघांच्या मेणबत्त्या पेटतात, त्यांच्यावरून पुढच्यांच्या, आणि बघता बघता बाकांच्या रांगा उजळून निघतात. धर्मगुरू प्रत्येकाजवळ जात नाहीत, तसे जाणे शक्यही नसते. ज्योत शेजाऱ्याकडूनच घ्यावी लागते. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली तिच्याकडे कलती करायची, म्हणजे मेण ओघळत नाही, हे लहान मुलांना इथेच शिकवले जाते.

त्यानंतर जुन्या करारातली सात आणि नव्या करारातली दोन अशी नऊ वाचने ठेवलेली आहेत. जुन्या करारातली काही वाचने गाळण्याची मुभा आहे, मात्र इस्राएली लोकांनी तांबडा समुद्र ओलांडल्याचे वाचन कधीही गाळता येत नाही. पास्का हा मुळात त्या सुटकेचा सण आहे. जुन्या करारातले शेवटचे वाचन संपले की महिमागीत सुरू होते, वेदीवरच्या मेणबत्त्या पेटतात आणि गुरुवारपासून गप्प असलेली घंटा वाजू लागते. प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांत ओठांवर न आलेला आलेलुया हा शब्द त्या रात्री परत येतो.

ही रात्र नेहमीच अशी नव्हती. कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात उरकला जाई आणि अंधाराचा अर्थ हरवत असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली प्रयोग म्हणून तो पुन्हा रात्री आणला आणि १९५६ पासून तो सगळीकडे रात्रीच होऊ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेचे दार उघडले. त्यानंतर लॅटिनमधली ही रात्र वसईत मराठी बोलू लागली.

साक्ष कशाची

मरणातून उठण्याचा प्रत्यक्ष क्षण चारही शुभवर्तमानांपैकी एकातही वर्णिलेला नाही. तो कोणी पाहिला नाही. लोकांनी पाहिली ती सरकवलेली धोंड, रिकामी कबर, गुंडाळून ठेवलेले कापड आणि पुढे प्रत्यक्ष भेटलेला येशू. संत पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशा भेटींची यादी दिली आहे. तिच्यात पेत्र आहे, बारा शिष्य आहेत, एकाच वेळी पाचशेहून अधिक माणसे आहेत, याकोब आहे आणि सर्वांत शेवटी पौल स्वतः आहे. हे पत्र येशूच्या मरणानंतर साधारण पंचवीस वर्षांत लिहिलेले आहे, म्हणजे त्या पाचशेंपैकी बरेच जण तेव्हा हयात होते, आणि पौल तसे सांगतोही.

पहिली साक्ष बायकांची होती. पहाटे कबरेकडे गेलेल्या मरिया मग्दालियाला उठलेला येशू भेटला आणि बातमी घेऊन शिष्यांकडे धावली तीच. त्या काळच्या यहुदी समाजात बायकांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीचे वजन नव्हते. रचून कथा सांगायची असती तर असा साक्षीदार कोणी निवडला नसता. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला तो त्यामुळेच.

संस्कृतातल्या 'अक्षि' म्हणजे डोळा या शब्दावरून 'साक्षी' शब्द आला. डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. आजच्या धर्मग्रामातल्या माणसाने कबर पाहिलेली नाही. मग त्याची साक्ष कशाची? पुनरुत्थानाने माणसांत जे घडते त्याची. घाबरून दारे लावून बसलेले शिष्य रस्त्यावर येऊन बोलू लागले, हा पहिल्या शतकातला परिणाम होता. परिणामाची साक्ष आजही देता येते, आणि धर्मग्राम तीच देत असतो.

पाठवणीचे गाव

चर्चच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेतील ५१५ वे कलम धर्मग्रामाची व्याख्या करते. त्यात इमारतीचा उल्लेख आधी येत नाही, माणसांचा येतो : बिशपांच्या अधिकाराखाली एका धर्मगुरूच्या सांभाळात सोपवलेला भाविकांचा स्थिर समुदाय. वसईचा धर्मप्रांत मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन १९९८ साली स्थापन झाला. किनाऱ्यावरच्या जुन्या बागायती गावांपासून डहाणू, तलासरीच्या आदिवासी पाड्यांपर्यंत तो पसरला आहे. प्रत्येक धर्मग्रामात गायकवृंद असतो, वाचक असतात, रविवारी मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या ताई-दादांचा गट असतो, हिशेब पाहणारी समिती असते. ही सगळी प्रापंचिक माणसे असतात आणि बहुतेक कामे बिनपगारी चालतात.

मिस्सा हा शब्दच या व्यवस्थेचे मर्म सांगतो. लॅटिनमध्ये उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देताना जो शब्द उच्चारला जाई त्यावरून तो आला, आणि त्याचे मूळ 'पाठवणे' या क्रियापदात आहे. म्हणजे मराठी कॅथलिक माणूस 'मिस्साला जातो' म्हणतो तेव्हा तो शब्दशः पाठवणीला जात असतो. पुनरुत्थानाच्या आठवडाभर या निरोपाला दोन आलेलुयांची जोड मिळते.

पाठवणी कुठे होते हे आळ्यांत फिरल्यावर दिसते. १९८० च्या दशकात मुंबई महाधर्मप्रांतात लघु ख्रिस्ती समूहांची बांधणी सुरू झाली. तेव्हा त्याच महाधर्मप्रांतात असलेल्या वसईच्या धर्मग्रामांतही ती रुजली. वीस-तीस घरांचा एक समूह. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी ओटीवर किंवा खोलीत बैठक होते. सतरंजी अंथरली जाते, मधोमध बायबल आणि पेटलेली मेणबत्ती ठेवली जाते. शुभवर्तमानातला एक उतारा दोनदा वाचतात, मनाला भिडलेला शब्द ज्याचा त्याने मोठ्याने उच्चारायचा, मग थोडा वेळ शांतता, आणि त्या शब्दाचा आपल्या आयुष्याशी काय संबंध ते आपल्या भाषेत सांगायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने तयार केलेली ही सात पायऱ्यांची पद्धत आहे. सहावी पायरी कामाची असते : आळीत कोण आजारी आहे, कोणाची फी थकली आहे, कोणत्या दोन घरांत बोलणे बंद आहे, आणि उद्या कोण कुठे जाणार. ही पायरी गाळली की बैठक भजनापुरती राहते, हे जुने समूहप्रमुख नव्यांना बजावून सांगतात.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कामही असेच चालते. फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने १८३३ साली पॅरिसमध्ये ती स्थापन केली. सदस्य जोडीने गरजू घरी जातात. एकट्याने जायचे नाही आणि कोणाला मदत केली ते बाहेर बोलायचे नाही, हा दंडक. बैठकीत वर्गणीची पिशवी गुपचूप फिरते. कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेण्याची परवानगी १९७३ पासून प्रशिक्षित प्रापंचिकांनाही मिळाली. त्यामुळे रविवारच्या मिस्सानंतर गळ्यात छोटी डबी अडकवून एखादी शिक्षिका किंवा निवृत्त कारकून आळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे जाताना दिसतो. त्या घरी आधीच टेबलावर पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती मांडलेली असते. प्रार्थना पाच-दहा मिनिटांची असते. मात्र म्हाताऱ्याला चर्च आपल्याला विसरलेले नाही एवढे कळते. पुनरुत्थानाची साक्ष त्या खोलीत यापेक्षा वेगळ्या शब्दांत देता येणार नाही.

स्नानकुंडापासून शवपेटीपर्यंत

पास्काची मेणबत्ती पन्नास दिवस, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, वेदीजवळ प्रत्येक उपासनेत तेवते. त्यानंतर ती स्नानकुंडाजवळ हलवतात आणि वर्षभरात मुख्यतः दोन प्रसंगी पेटवतात. पहिला प्रसंग स्नानसंस्काराचा. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतले जाते, त्याला पांढरे वस्त्र घातले जाते आणि धर्मपिता किंवा धर्ममाता एक छोटी मेणबत्ती त्या मोठ्या मेणबत्तीवर पेटवतात. पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे, अशी पौलाची शिकवण आहे. बाळाला त्यातले काही कळत नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्यांनी ते त्याला आयुष्यभर कळवायचे असते.

संस्कारानंतर चर्चच्या कार्यालयात नोंद होते. स्नानसंस्काराची नोंदवही जाड पुठ्ठ्याची असते : नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, धर्मगुरूंची सही. शेजारी एक रकाना मोकळा सोडलेला असतो. पुढे त्या माणसाचे दृढीकरण झाले, लग्न झाले, तो धर्मगुरू झाला किंवा तिने धर्मभगिनीची व्रते घेतली, की ते जिथे कुठे झाले तिथून कळवले जाते आणि त्याच जुन्या ओळीशेजारी लिहिले जाते. धर्मविधी संहितेच्या ५३५ व्या कलमाने हे बंधनकारक केले आहे. लग्नासाठी टोरांटोहून आलेल्या मुलालाही दाखला काढायला आपल्या पहिल्या धर्मग्रामाकडेच वळावे लागते.

दुसरा प्रसंग मरणाचा. शवपेटी चर्चच्या दाराशी येते तेव्हा तिच्यावर आशीर्वादित पाणी शिंपडतात. ते स्नानसंस्काराचे स्मरण असते. मग पेटी वेदीसमोर ठेवतात आणि तिच्याजवळ पास्काची मेणबत्ती पेटवतात. कोवळ्या वयात ज्या ज्योतीवरून मेणबत्ती पेटली, तिच्याच कुळातली ज्योत आता निरोपाला उभी असते. घरचे लोक रडत असतात. धर्मगुरू त्यांना रडू नका असे सांगत नाहीत. लाजर या आपल्या मित्राच्या कबरेपाशी येशूही रडला होता. मात्र त्या रडण्याच्या शेजारी ज्योत ठेवलेली असते. पुढचे काही दिवस आळीतले लोक रोज रात्री त्या घरी रोझरी म्हणायला जमतात, आणि घरातली चूल पेटली की नाही ही चौकशीही त्याच वेळी होते. २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, दफनभूमीतली प्रत्येक कबर फुलांनी आणि मेणबत्त्यांनी उजळते. अनेकदा दिवाळीच्या पणत्या विझून फार दिवस झालेले नसतात. काही वर्षी तर त्या अजून तेवत असतात.

२०२५ साली २० एप्रिलला पुनरुत्थान रविवार होता. दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. त्यांच्यासाठी अर्पण झालेल्या मिस्सांत जगभरच्या धर्मग्रामांत तेवत होती ती दोनच दिवसांपूर्वी पेटलेली नवी मेणबत्ती. त्या आठवड्यात सण आणि शोक एकाच ज्योतीखाली साजरे झाले.

रक्ताची साक्ष, शब्दांची साक्ष

साक्षीसाठी ग्रीक भाषेत जो शब्द होता, त्यालाच पुढे श्रद्धेसाठी प्राण देणारा असा अर्थ आला. मराठी ख्रिस्ती लोकांनी त्यासाठी 'रक्तसाक्षी' हा नेमका शब्द घडवला. वसईला तो पुस्तकातून शिकावा लागला नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांबरोबर तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषा म्हणून १५९३ साली पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर चढवून मारण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संत घोषित केले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. तो धर्मगुरू नव्हता, दुभाष्याचे काम करणारा बंधू होता. गासच्या चर्चला त्याचे नाव आहे, आणि प्रापंचिकांनी आपल्या साक्षीची उंची किती असू शकते हे पाहायचे तर घराजवळच पाहावे, असा त्या नावाचा अर्थ आहे.

शब्दांच्या साक्षीची परंपराही मराठीत जुनी आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ओवीछंदात, रोमी लिपीत आणि मराठीत. दुसऱ्या पुराणात येशूचे जीवन, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण येते, आणि रविवारी, सणासुदीला ते चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाई. वसईत १९५५ पासून निघणाऱ्या 'सुवार्ता' मासिकाने हीच वाट आधुनिक गद्यात चालवली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो या मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या साक्षीचा एक भाग चर्चच्या आवाराबाहेरचा होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर इमारती येऊ लागल्या, टँकरवाले विहिरी उपसू लागले आणि बागायतीतले पाणी खारट होऊ लागले. हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध लढा उभारला आणि त्याचे नेतृत्व फादर दिब्रिटो यांनी केले. मोर्चांत सगळ्या धर्मांचे शेतकरी होते. जीवन मरणावर जय मिळवते असे पास्काच्या रात्री म्हणायचे आणि गावची विहीर मरताना पाहत राहायचे, असे चालत नाही. धर्मग्रामाची साक्ष कुंपणाशी थांबली की ती निम्मीच राहते.

साक्ष कुठे अडते

पास्काच्या रात्री सगळा समुदाय हातातल्या मेणबत्त्या उंच करून स्नानसंस्काराची वचने नव्याने देतो. त्याच रांगेत बांधावरून भांडण झालेले दोन भाऊ असतात. वर्षानुवर्षे त्यांचे बोलणे बंद असते, आणि ज्योत मात्र एकाच रांगेतून दोघांपर्यंत पोहोचलेली असते. प्रायश्चित्तकाळातल्या पापनिवेदनाचा, समूहप्रमुखाच्या खेपांचा आणि धर्मगुरूंच्या मध्यस्थीचा बराच वेळ अशा भाऊबंदकीवर खर्च होतो. कधी समेट होतो, कधी होत नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्यांना बैठकीला वेळ नसतो. नव्या संकुलांत राहायला आलेले कुटुंब कोणत्या समूहात मोडते हे ठरायलाच वर्ष जाते. आखाती देशांत आणि कॅनडात गेलेल्या तरुणांच्या जागी गायकवृंदात पुन्हा काका-मावश्याच उभ्या राहतात.

या अडचणींमुळे साक्ष खोटी ठरत नाही. उठलेल्या येशूने शिष्यांना आपली ओळख पटवली ती जखमा दाखवून. शंका घेणाऱ्या थोमाला त्याने त्या जखमांकडे हात न्यायला सांगितले. एम्माउस गावाच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनी त्याला ओळखले ते भाकर मोडताना, त्याच्याशी बराच वेळ बोलूनही न ओळखल्यानंतर. धर्मग्राम आपल्या जखमा झाकून साक्ष देऊ लागला तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसणार नाही. भाकर मोडायला, म्हणजे घरी जायला, बसायला आणि वाटून घ्यायला तो तयार असेल, तरच त्याचे म्हणणे ऐकले जाईल. ज्यांना हे पाहायचे आहे, त्यांनी धर्म कोणताही असो, एखाद्या पास्काच्या रात्री वसईच्या चर्चच्या अंगणात जाऊन उभे राहावे. शेजारचा माणूस आपली पेटलेली मेणबत्ती आपणहून पुढे करील.

त्या मेणबत्तीविषयी चर्चचा एक नियम आहे. ती खऱ्या मेणाचीच असावी लागते आणि दरवर्षी नवी असावी लागते. गेल्या वर्षीची कितीही शिल्लक असली तरी पुढच्या पास्काला ती चालत नाही. त्या रात्री पुन्हा शेकोटी पेटते, पुन्हा क्रूस कोरला जातो, आणि त्याच्या चार बाजूंना त्या वर्षाचे आकडे येतात.